दोष मराठीचा नव्हे, चुकलेल्या पाटीचा

सीमाभागातील माणसाला पाटीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. गावाच्या वेशीवर, बसच्या कपाळावर, कचेरीच्या दारावर कोणत्या भाषेत लिहिले आहे, हा येथे १९५६ पासून जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. पण एक पाटी अशी आहे की, ती डोळ्यांना दिसत नाही आणि ती चुकली तर संगणकाच्या पडद्यावरील मराठी वाचताच येत नाही.

मराठी संकेतस्थळ उघडावे आणि अक्षरांऐवजी परक्या चिन्हांची रांग दिसावी, असे पुष्कळदा घडते. लगेच कोणी तरी म्हणतो, ‘मराठी संगणकाला झेपत नाही, इंग्रजीवर भागवा.’ हे साफ चूक आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून हक्काची जागा आहे.

सर्व्हर पान पाठवण्याआधी काही शीर्षओळी, म्हणजे ‘हेडर’ पाठवतो. त्यांतील ‘कंटेंट-टाइप’ ही ओळ पुढचा मजकूर कोणत्या पद्धतीने वाचावा, हे ब्राउझरला सांगते. आज प्रचलित असलेल्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘मराठी’ या शब्दात काना व वेलांटी धरून पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. शीर्षओळीत पश्चिम युरोपातील भाषांची ‘आयएसओ-८८५९-१’ ही पद्धत लिहिली असेल, तर ब्राउझर प्रत्येक बाइटला स्वतंत्र अक्षर समजतो आणि शब्दाची १५ शकले होतात.

‘पानात यूटीएफ-८ लिहिले आहे,’ असे संकेतस्थळ चालवणारा सांगतो. तेही खरे असते. मात्र पानातील नोंद आणि शीर्षओळ यांत विरोध असला, तर ब्राउझर शीर्षओळीचेच ऐकतो.

दोष ओळखणे अवघड नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुनःपुन्हा दिसला, तर शीर्षओळीवर संशय घ्यावा. नुसते चौकोन दिसले, तर आपल्याच यंत्रात देवनागरी टंक नाही. प्रश्नचिन्हे दिसली, तर बहुधा साठवतानाच अक्षरे हरवली आहेत. ती शीर्षओळ बदलून परत येत नाहीत.

खात्री करण्यासाठी संगणकावर एफ-१२ ही कळ दाबावी, ‘नेटवर्क’ विभाग उघडून पान पुन्हा मागवावे आणि यादीतील पानाच्या नोंदीवर टिचकी मारून ‘रिस्पॉन्स हेडर्स’ पाहावेत. ‘कंटेंट-टाइप’पुढे ‘चारसेट’ काय आहे, ते तेथे कळते.

दुरुस्ती एका ओळीची आहे. अपाचे सर्व्हरवर ‘ॲड-डिफॉल्ट-चारसेट’ आणि एनजिन-एक्सवर ‘चारसेट’ या सूचनेत यूटीएफ-८ लिहावे. त्याआधी मूळ फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवलेली आहे ना, ते तपासावे. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत जुळवलेला मजकूर मात्र रूपांतरित करावाच लागतो. बदल केल्यावर ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत पुसून पुन्हा पाहावे. शीर्षओळ बरोबर असूनही तीच शकले दिसली, तर मजकुराचे साठवताना दोनदा रूपांतर झाले आहे, असे समजावे.

म्हणून तक्रार करताना ‘मराठी दिसत नाही’ एवढेच लिहू नये. पानाचा पत्ता, तारीख आणि शीर्षओळीत आढळलेला चारसेट लिहावा. एवढी नेमकी तक्रार हाती पडल्यावर भाषेकडे बोट दाखवण्याची सबब कोणालाही उरत नाही.