बिनबियांच्या वेलीची वंशावळ

बाजारात मागणी बिनबियांच्या द्राक्षांना. पण ज्या फळात बी नाही, त्याची नवी पिढी जन्मावी कशी? नवे वाण घडविणाऱ्या संशोधकापुढे हाच पहिला प्रश्न असतो.

थॉम्पसन सीडलेससारख्या वाणांत परागीभवन होते, गर्भही धरतो. मात्र त्याची वाढ अर्ध्यावर थांबते व बीचा मऊ अवशेष तेवढा उरतो. त्यामुळे पूर्वी बियांच्या वाणालाच मातृवेल करावे लागे. फूल उमलण्यापूर्वी त्याची टोपी व पुंकेसर चिमट्याने काढायचे, बिनबियांच्या वाणाचे पराग लावायचे आणि मिळालेले बी पेरून काही वर्षे फळाची वाट पाहायची. त्यांतही पुष्कळ रोपे बियांचीच निघत. १९८० च्या दशकात अमेरिकेतील फ्रेस्नो येथील संशोधकांनी कोवळा गर्भ मरण्यापूर्वीच काढून पोषक माध्यमात वाढविण्याची रीत बसविली आणि दोन्ही पालक बिनबियांचे घेणे शक्य झाले.

महाराष्ट्रात दुसरी वाट बागाईतदारांच्या चौकस नजरेने उघडली. थॉम्पसनच्या बागेत निसर्गतः वेगळी निपजलेली वेल हेरून तिच्या काड्यांपासून लागवड वाढविली गेली. तासगावचे तास-ए-गणेश आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे सोनाका ही अशाच निवडीची फळे. परंतु ही सारी एकाच कुळातील भावंडे; डाऊनी किंवा भुरी आली की सगळ्यांनाच सारखी झळ बसते. म्हणूनच संकराचे महत्त्व. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कटाबा या अमेरिकी वाणाचा ब्यूटी सीडलेसशी संकर करून एआरआय-५१६ हे बुरशीरोगांना तोंड देणारे, रसाला उत्तम वाण सिद्ध केले.

नव्या वाणाला कायद्याचेही कवच आहे. २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्यानुसार नोंदणी झालेल्या वेलवर्गीय वाणास कमाल १८ वर्षे संरक्षण मिळते. त्याच कायद्याने शेतकऱ्याचा आपल्या शेतातील बी-बियाणे राखण्याचा व देवघेवीचा हक्कही मान्य केला आहे. मात्र संरक्षित वाणाचे बियाणे त्याला छापाच्या नावाने विकता येत नाही.

तरीही अखेरचा कौल पेढीवरच लागतो. जुनी बाग मोडून नवी लावणारा शेतकरी पहिल्या फळापर्यंतचा खर्च स्वतः सोसतो. मणी किती दिवस ताठ राहिला, देठ कधी सुकला, पेटीत गळ किती झाली, हे व्यापाऱ्याने पहिल्याच हंगामात त्याला मोकळेपणाने कळविले, तर चुकीची लागवड वाढत नाही आणि चांगले वाण उपेक्षेने मरत नाही. सचोटीचा व्यवहार इथे केवळ वजनापुरता नसतो. माहिती लपविली नाही, तरच तो पुरा होतो.