मध्यरात्री नागपुरात भेटणारी चार विमानं

मुलांनो, भारताचा मोठा नकाशा जमिनीवर पसरा आणि आईकडून हातभर दोरा मागून आणा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं कोलकात्यावर ठेवून ताणा. दोरा आमच्या यवतमाळ जिल्ह्यावरून, नागपूरच्या जवळून जातो की नाही? आता तोच दोरा दिल्ली ते चेन्नई ताणा. पुन्हा नागपूरच्या शेजारून!

ही गंमत टपालखात्यानं फार पूर्वीच हेरली होती. जानेवारी १९४९ मध्ये, रफी अहमद किडवाई दळणवळणमंत्री असताना, रात्रीची विमान-टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास (आजचं चेन्नई) इथून रोज रात्री एकेक विमान निघे. चौघं मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई. मग जो तो आपापल्या गावी परत, सकाळी हजर! आगगाडीनं दोन-दोन दिवस वाटेत असणारं पत्र एका रात्रीत पोचू लागलं.

आता जरा गणित. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर जोड्या किती होतात? कागदावर मांडून बघा, सहा! म्हणजे जाणारी-येणारी मिळून बारा उड्डाणं. नागपूर मध्ये घेतलं की चार विमानांत काम भागतं. बरं, वळसा तरी किती? नागपूरहून मुंबई हवाई मार्गानं साधारण ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, चेन्नई ९०५ आणि कोलकाता ९८५. दिल्ली-चेन्नई थेट अंतर सुमारे १७५५ किलोमीटर. आता ८५० आणि ९०५ ची बेरीज करा. वळसा जवळजवळ नाहीच!

ती विमानं होती डकोटा, दोन पंख्यांची. वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे चेन्नईहून नागपूर गाठायला सव्वातीन तास. यवतमाळहून नागपूरला आमची एस.टी.सुद्धा तीन-साडेतीन तास घेते, आणि ते अंतर आहे अवघं दीडशे किलोमीटर! मुंबईचं विमान अडीच तासांत पोचे, कलकत्त्याच्या विमानाला साडेतीनहून जास्त लागत. तेव्हा सगळ्यांनी एका वेळी निघून चालणार नव्हतं. लांबच्यानं आधी निघायचं, जवळच्यानं उशिरा.

आजचं जेट विमान ताशी आठशेच्या वेगानं जातं. या हिशेबानं मुंबई-नागपूर पाऊण-एक तासाचं काम. पण वेळापत्रकात सुमारे दीड तास दिलेला असतो. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, वर चढणं, उतरण्यासाठी रांगेत थांबणं, हे सगळं त्यात येतं. शिवाय विमानतळावर आधी जाऊन बसावं लागतं, ते वेगळंच.

रात्रीची ती सेवा आता बंद झाली आहे. घरी आजोबा-आजी असतील तर त्यांना विचारा, विमानानं आलेलं पत्र त्यांनी कधी हातात घेतलं होतं का? आणि दोरा जपून ठेवा. पुढच्या खेपेला तो पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते न्यूयॉर्क ताणून बघा. तो कुठल्या थंडगार प्रदेशांवरून जातो, ते वहीत लिहून काढा.