‘नॉर्मल पीपल’ कादंबरीतील नातेसंबंध आणि वाचकाचा संमिश्र प्रतिसाद

प्रस्तावना

प्रेमकथा वाचताना नायक-नायिका अखेरीस एकत्र यावेत, अशी वाचकाची सर्वसाधारण अपेक्षा असते. आयरिश लेखिका सॅली रूनी यांची २०१८ साली प्रकाशित झालेली ‘नॉर्मल पीपल’ ही कादंबरी ही अपेक्षा जागी करते आणि तिच्याविषयी शंकाही निर्माण करते. कॉनेल आणि मॅरियन यांची ताटातूट वाचकाला सोसवत नाही. मात्र ते एकत्र आले की हे नाते त्यांच्या हिताचे आहे काय, असा प्रश्न पडतो. २०२० मधील दूरचित्रवाणी मालिकेमुळे ही कथा फार मोठ्या तरुण वर्गापर्यंत पोहोचली. तिच्याविषयीची चर्चा ‘चूक कोणाची?’ या प्रश्नापाशी थांबण्याची शक्यता असते. वाचकाच्या मनातील ही द्विधा कशातून निर्माण होते, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कथानकाची पार्श्वभूमी

कादंबरीचा काळ जानेवारी २०११ ते फेब्रुवारी २०१५ असा आहे. २००८ च्या आर्थिक अरिष्टाने आयर्लंडची अर्थव्यवस्था खिळखिळी झाली होती. स्लायगो परगण्यातील कॅरिकली या काल्पनिक गावाजवळची अर्धवट सोडून दिलेली घरांची वसाहत त्या पडझडीची खूण म्हणून कादंबरीत येते. मॅरियन सधन घरातील, बुद्धिमान, पण शाळेत एकाकी पडलेली मुलगी आहे. कॉनेल शाळेत सर्वांचा लाडका आहे. त्याची आई लॉरेन मॅरियनच्या घरी साफसफाईचे काम करते. दोघांचे प्रेम जुळते, परंतु मित्रांत नाचक्की होईल या भीतीने कॉनेल ते लपवून ठेवतो आणि शाळेच्या निरोपाच्या नृत्यसमारंभासाठी दुसऱ्याच मुलीला निमंत्रण देतो. हे समजताच स्वतः लॉरेनलाच मुलाची लाज वाटते. पुढे कॉनेलला कळते की, हे प्रेम सर्वांना आधीपासूनच ठाऊक होते आणि त्याचे कोणाला काही वाटतही नव्हते. ज्या भीतीपोटी त्याने मॅरियनला दुखावले, ती भीतीच निराधार होती.

मौन आणि आर्थिक स्तर

डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात चित्र पालटते. तेथे मॅरियन प्रतिष्ठित वर्तुळात सहज सामावते, तर कॉनेल परका ठरतो. उन्हाळ्यात खोलीचे भाडे देणे त्याला अशक्य होते. मॅरियन कुटुंबाच्या मालकीच्या सदनिकेत राहते. काही महिने तिच्याकडे राहू देण्याची विनंती केली असती, तर प्रश्न सुटला असता. पण ते शब्द त्याच्या तोंडून फुटत नाहीत. आपण गावी जात असल्याचे तो सांगतो. त्याला नाते संपवायचे आहे, असा तिचा समज होतो आणि दोघे विलग होतात.

या प्रसंगाकडे केवळ गैरसमज म्हणून पाहता येत नाही. मॅरियनच्या घरातून लॉरेनला मिळणारे वेतन कॉनेलपर्यंत पोहोचते, परंतु पैसा हा विषय दोघांच्या बोलण्यात येत नाही. त्याच घराकडे निवारा मागणे म्हणजे स्वतःची पायरी उघडपणे मान्य करणे होय. मॅरियनला मात्र यात मागण्यासारखे काही आहे, हेच जाणवत नाही. पुढे दोघांनाही महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळते. मॅरियनच्या दृष्टीने तो सन्मान आहे; कॉनेलच्या दृष्टीने तो निवास, जेवण आणि निश्चिंतपणे जगण्याचा आधार आहे. कॉनेलच्या मौनामागील लज्जा अशी सामाजिक आहे, परंतु त्या मौनाची किंमत मॅरियनला मोजावी लागते.

निवेदनपद्धती आणि वाचकाची भूमिका

निवेदन तृतीयपुरुषी असून ते कधी कॉनेलच्या, तर कधी मॅरियनच्या दृष्टिकोनातून येते. परिणामी दोघांना परस्परांविषयी जे ठाऊक नाही, ते वाचकाला ठाऊक असते. संवादांना अवतरणचिन्हे नसल्यामुळे उच्चारलेले शब्द आणि मनात राहिलेले शब्द पृष्ठावर सारखेच दिसतात. वाचक दोघांचे मन जाणतो म्हणून त्याला करुणा वाटते आणि एका वाक्याने टळले असते असे दुःख टळत नाही म्हणून चीडही येते. या दोन्ही भावना एकाच निवेदनतंत्रातून उद्भवतात.

आधार की अवलंबित्व?

मॅरियनचे दिवंगत वडील हिंसक होते. भाऊ ॲलन तिला मारहाण करतो आणि आई त्याकडे दुर्लक्ष करते. आपण प्रेमास अपात्र आहोत, ही भावना तिच्यात खोलवर रुजते आणि ती स्वतःला दुखावून घेणारी नाती जोडत राहते. कॉनेल तिला दुखावण्यास नकार देतो आणि ॲलनपासून तिचे रक्षणही करतो. उलटपक्षी, मित्राच्या आत्महत्येनंतर नैराश्याने ग्रासलेल्या कॉनेलला मॅरियन सावरते. हा परस्पर आधार खरा आहे. तथापि, मॅरियनची सुटका पुन्हा एका पुरुषाच्या चांगुलपणावर अवलंबून राहते, हा आक्षेपही रास्त आहे. शेवटी कॉनेलला न्यूयॉर्कमध्ये लेखनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. अर्ज केल्याचे त्याने तिला आधी सांगितलेलेच नसते! त्याची जुनी सवय सुटलेली नाही. मॅरियन मात्र त्याला जाण्यास सांगते. ही तिची मुक्ती मानावी की आणखी एक त्याग, याचा निर्णय कादंबरी देत नाही.

समारोप

वाचकाची संमिश्र भावना हा कादंबरीचा दोष नव्हे, तसेच वाचकाच्या आकलनाची उणीवही नव्हे. कॉनेलचे मौन ही त्याची अगतिकता आहे आणि त्याने केलेला अन्यायही आहे. कारण समजणे आणि क्षमा करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा विवेक ही कादंबरी वाचकाकडून मागते. आपल्या वर्गांतही फी, खोलीभाडे आणि घरची परिस्थिती यांविषयी न बोलता नाती जोडणारे तरुण बसलेले असतात. म्हणून अध्यापकाने नायकाला निर्दोष वा दोषी ठरवण्याची घाई न करता, ‘हे वाक्य त्याला का उच्चारता आले नाही आणि त्यामुळे कोणाचे काय गेले?’ हे दोन्ही प्रश्न विद्यार्थ्यांपुढे एकत्र ठेवणे अधिक उचित ठरेल.