रथापुढची वीस, रथामागची वीस

ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात येते आणि नातेपुत्याला मुक्काम करते. त्या संध्याकाळी गावात कुणी विचारले, "वीस नंबरची दिंडी कुठं उतरलीय?" तर उलट प्रश्न येतो, "रथापुढची का रथामागची?" रथापुढे २७ दिंड्या, मागच्यांचे नंबर पुन्हा एकपासून. नुसता आकडा धरून निघालेला माणूस भलत्याच राहुटीत पोचतो. (तिथेही त्याला कुणी उपाशी ठेवत नाही. संगणकात ही सोय नाही.)

संगणकही वापरकर्त्याला आतून आकड्यानेच ओळखतो. लिनक्समध्ये या आकड्याचा रकाना पूर्वी १६ बिटांचा होता, म्हणजे ० ते ६५,५३५. शून्य हा 'रूट', सगळ्या किल्ल्या कमरेला असलेला मालक. घरच्या यंत्राला एवढे आकडे पुष्कळ. हजारो खाती सांभाळणाऱ्या संस्थेला अपुरे. आता ६५,५३६ हा आकडा त्या रकान्यात कोंबला, तर वरचा भाग कापला जातो आणि उरते शून्य. साधा वापरकर्ता एका क्षणात मालक! ६६,५३६ चे उरतात १,०००, म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या फायली हाती.

२००१ साली आलेल्या लिनक्स २.४ ने रकाना ३२ बिटांचा केला. आकडे झाले ४२९ कोटींच्या वर. रुंदी वाढवणे सोपेच होते. पंचाईत जुन्या प्रोग्रॅमची, कारण ते १६ बिटांतलेच उत्तर मागणार. म्हणून इंटेलच्या ३२ बिटी यंत्रांवर हा आकडा विचारणारी 'गेटयूआयडी' ही जुनी हाक तशीच ठेवली आणि शेजारी 'गेटयूआयडी३२' ही नवी दिली. जुन्या हाकेला न मावणारा आकडा सांगायची वेळ आली, की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो कापत नाही. सरळ ६५,५३४ सांगतो. उत्तर खोटेच, पण त्याने कुणी मालक होत नाही. मला ही युक्ती सगळ्यात शहाणी वाटते.

डिस्कवरच्या नोंदींचे काय? फायली साठवायच्या एक्स्ट२ पद्धतीत प्रत्येक फायलीच्या नोंदीत थोडी जागा कोरी राखलेली होती. आकड्याचा खालचा अर्धा भाग जुन्याच जागी राहिला, वरचा त्या कोऱ्या जागेत गेला. रथापुढे की रथामागे हे नंबराला हात न लावता शेजारी सांगावे, तसा. जुन्या नोंदींत तिथे शून्य होते, त्यामुळे जुने मालक होते तेच राहिले.

तुमच्याकडे लिनक्स असेल तर 'प्रोक', 'सिस', 'कर्नल' असे आत जा आणि 'ओव्हरफ्लोयूआयडी' ही फाइल उघडा. कुणी बदलली नसेल तर आत एकच आकडा दिसेल: ६५५३४.