वेठ, हक्क आणि यंत्रमानव

नागरिकशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, यंत्रमानवाला हक्क असतात काय?" वर्गात हशा पिकला व तो बिचारा खजील होऊन खाली बसला. परंतु तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. 'रोबॉट' हा शब्द जगास चेक भाषेने दिला. १९२० साली कारेल चापेक या नाटककाराने आपल्या नाटकातील कृत्रिम कामकऱ्यांस हे नाव दिले. आणि ज्या शब्दावरून ते घडविले, त्या 'रोबोटा'चा अर्थ आहे वेठ. म्हणजे यंत्रमानव हा जन्मतःच वेठबिगारी ठरला.

वेठ म्हणजे काय, हे समजण्यासाठी कोल्हापूरकरांस परक्या नाटकाकडे जाण्याचे कारण नाही. पूर्वी महार वतन म्हणून जमिनीचा लहानसा तुकडा एखाद्या घराण्याकडे असे आणि त्यापायी सबंध कुटुंबास सरकारची व गावाची कामे करावी लागत. निरोप पोचवावा, ओझी वाहावी, हाक येईल तेव्हा हातचे काम टाकून धावावे. आमच्या पूर्वजांच्या माथ्यावरही अशी ओझी होती, हे सांगण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. कमीपणा ओझे वाहणाऱ्याचा नव्हे, तर ते लादणाऱ्याचा होय.

हे जोखड सैल करण्याचे काम या करवीर नगरीत राजर्षी शाहू छत्रपतींनी केले. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी शेकडा ५० जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा झाला. १९१८ साली महार वतने रद्द होऊन त्या जमिनी रयतावा करण्यात आल्या. १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वांच्या शाळेत घेण्याचे ठरले. यातील क्रम ध्यानी घेण्यासारखा आहे. नोकरी, शाळा, जमीन आणि बरोबरीने बसण्याचा मान. यांपैकी एकाचीही उणीव राहिली तर बाकीचे हक्क लंगडे पडतात.

तथापि हुकूम कागदावर राहतो, ही भीती महाराजांस होतीच. राजवाड्याच्या चाकरीतील गंगाराम कांबळे यांस पाण्याच्या हौदास शिवल्याबद्दल मार बसला, तेव्हा महाराजांनी त्यांस उपाहारगृह काढण्यास उत्तेजन दिले आणि स्वतः गाडी थांबवून, सोबतच्या मंडळींसह, भर रस्त्यात त्यांच्या हातचा चहा घेऊ लागले. जे शंभर फर्माने वाचून पटले नसते ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

पुढे २६ जानेवारी १९५० पासून भारताचे संविधान अमलात आले. त्याच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली व २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगार निषिद्ध ठरविली. अस्पृश्यता पाळणाऱ्यास शिक्षा देणारा १९५५ चा कायदा १९७६ साली 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' या नावाने अधिक कडक झाला. आज कायदा आहे, न्यायालय आहे. परंतु शेजाऱ्याच्या ठिकाणी आपण स्वतःस कल्पून पाहावे, ही गोष्ट कोणत्याही कायद्याने होत नाही. तिला कल्पनाशक्ती लागते.

डोळ्यांस दाखवून मन वळविण्याचे सामर्थ्य चित्रपटात आहे, आणि तीही विद्या या गावास नवी नाही. येथे बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी चालविली आणि १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. त्या मूकपटात जमीन गमावलेला शेतकरी लोकांनी पडद्यावर पाहिला. प्रभात कंपनीची स्थापनाही येथलीच, १९२९ ची. ती पुण्यास गेल्यावर तिने नारायण हरि आपटे यांच्या कादंबरीवरून 'कुंकू' (१९३७) काढला व म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या मुलीचा 'नाही' हा शब्द सर्वांस ऐकविला. उत्तम कादंबरीस असा पडदा मिळाला म्हणजे न वाचणाऱ्यांच्या घरातही विचार शिरतो.

मग विज्ञानकादंबऱ्यांस हा मान का नसावा? डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरातच झाला. आकाशाचा अभ्यास करता करता त्यांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या; २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या दोन कादंबऱ्या चित्रपटास विशेष योग्य आहेत, असे आमचे मत आहे. 'वामन परत न आला' हीत भूगर्भात सापडलेल्या प्राचीन ज्ञानाच्या आधारे बुद्धिमान यंत्र घडविले जाते आणि निर्मात्याची सत्ता कोठवर चालावी, हा प्रश्न उभा राहतो. 'प्रेषित' हीत परग्रहावरून आलेले बालक माणसांत वाढते. जो आपल्या रक्ताचा नाही, तो आपला म्हणावा की परका? कोल्हापूरच्या पाणवठ्यावर आपल्या वाडवडिलांनी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत ऐकला होता.

अर्थात अशा चित्रपटात नुसती अग्निबाणांची आतषबाजी असून भागणार नाही. ती दोन दिवसांत विसरली जाते. शास्त्र खरे असावे, आणि प्रेक्षक घरी जाताना एक प्रश्न बरोबर घेऊन जावा.

पालकांस एवढीच विनंती की, मूल अशी कादंबरी वाचीत असता 'अभ्यास सोडून गोष्टी वाचतोस' म्हणून त्याच्या हातून ती ओढून घेऊ नये. आणि ज्या विद्यार्थ्याने तो प्रश्न विचारला, त्यास आमचे उत्तर असे: यंत्रास हक्क आहेत की नाहीत, हे तुमची पिढी ठरवील. पण आज्ञा पाळणारा प्रत्येक जीव केवळ आज्ञा पाळण्यासाठीच जन्मला, असे मानण्याची सवय माणसास फार पूर्वीपासून आहे. तुझ्या प्रश्नाने ती सवय क्षणभर थांबली. वर्ग हसला, तरी तू तो पुन्हा विचारावास.