दोन खिडक्या, एकच चाक

महिनाअखेरीस दुकानदार संगणकासमोर हिशेब जुळवायला बसतो. डावीकडे आपली खरेदीवही, उजवीकडे जीएसटीआर-२बी विवरण. एक खिडकी खाली सरकवायची, मग माऊस नेऊन दुसरी सरकवायची. असे शंभरदा करताना एखादी ओळ निसटतेच. ही चूक साधी नव्हे. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने भरलेले बिल या विवरणात दिसले, तरच आपल्याला कराचे क्रेडिट मिळते. न दिसलेले बिल वेळीच ध्यानात आले, तर पुरवठादाराकडे तगादा लावता येतो.

दोन्ही याद्या एक्सेलमध्ये असतील तर उपाय हाताशी आहे. दोन्ही फायली उघडून ‘व्ह्यू’मधील ‘व्ह्यू साइड बाय साइड’ दाबावे व ‘सिंक्रोनस स्क्रोलिंग’ चालू ठेवावे. एक यादी सरकली की दुसरीही सरकते. आधी दोन्ही याद्या एकाच क्रमाने, म्हणजे पुरवठादाराच्या जीएसटी क्रमांकाने व तारखेने, लावून घ्याव्यात.

पण वही एका प्रोग्रॅममध्ये आणि विवरण दुसऱ्यात असेल तर? एक्सेलची सोय एक्सेलपुरतीच आहे. म्हणून आमची सूचना अशी की, खिडक्या सांभाळणाऱ्या डेस्कटॉपनेच ही सोय द्यावी. माऊसचे चाक फिरले की तो इशारा कोणत्या खिडकीला पोचवायचा, हे तोच ठरवतो. दोन खिडक्या जोडल्या असतील तर तोच इशारा दोघींना द्यावा आणि जोडी ओळखू यावी म्हणून दोन्हींच्या कडा एका रंगाच्या कराव्यात.

अडचण एकच. डेस्कटॉपला खिडकीतला मजकूर कळत नाही. ओळींची उंची कमी-जास्त असली किंवा एका यादीत बिल नसले, की जोडी मागेपुढे होणार. त्यासाठी एखादी कळ दाबून धरली असता एकच खिडकी सरकावी, आणि कळ सोडताच नव्या जागेपासून दोन्ही पुन्हा बरोबर चालाव्यात. एवढे नसेल तर ही सोय निरुपयोगी ठरेल.

लिनक्सवरील केडीई हा डेस्कटॉप १९९६ साली माथियास एट्रिख यांनी सुरू केला. तो विनामूल्य असून त्याचा कोड खुला आहे व त्यात नव्या सोयीची मागणी कोणालाही नोंदवता येते. संगणक जाणणाऱ्या आपल्या मुलांनी हे काम अंगावर घ्यावे. गरज काय आहे, हे गल्ल्यावर बसणाऱ्याने त्यांना सांगावे.