सीएमव्ही : रिपोर्ट नीट वाचा

गर्भपातानंतर हाती आलेल्या ‘टॉर्च’ (गर्भाला बाधू शकणाऱ्या संसर्गांच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये सायटोमेगॅलोव्हायरस (सीएमव्ही) या नावासमोर ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ दिसलं की घरभर धास्ती पसरते. बहुतेकदा ती अनाठायी असते. भारतात बहुतांश स्त्रियांना हा संसर्ग लहानपणीच होऊन गेलेला असतो. आयजीजी हे प्रतिपिंड त्याचीच खूण. आयजीएम हे दुसरं प्रतिपिंड पॉझिटिव्ह आलं तरी तेवढ्यावरून संसर्ग ताजा ठरत नाही, कारण ते कित्येक महिने रक्तात टिकू शकतं. अशा वेळी ॲव्हिडिटी तपासतात. प्रतिपिंडांची विषाणूवरची पकड घट्ट असेल तर संसर्ग जुना, सैल असेल तर बहुधा गेल्या तीन-चार महिन्यांतला. गरोदरपणी ही तपासणी न करताच गर्भाबद्दल निर्णय घेणं हा त्या बाईवर अन्याय आहे.

गर्भातच संसर्ग झाल्याची शंका असेल तर बाळाची लघवी किंवा लाळ मात्र जन्मानंतर 21 दिवसांच्या आतच पीसीआरने (विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने) तपासायला हवी. नंतर सापडलेला विषाणू आईच्या दुधातूनही आलेला असू शकतो, आणि मग बाळाच्या बहिरेपणाचं कारण गर्भातला संसर्ग होता का, हे शोधणं अवघड होऊन बसतं.

या विषाणूचे प्रकारही अनेक आहेत. त्याचा जीनोम (संपूर्ण जनुकीय मजकूर) सुमारे 2,35,000 बेस जोड्यांचा, म्हणजे माणसाला होणाऱ्या हर्पिस विषाणूंत सर्वांत मोठा. त्यातला यूएल55 हा जनुक ग्लायकोप्रोटीन बी (जीबी) हे प्रथिन घडवतो. या जनुकाचा तुकडा पीसीआरने वाढवून क्रम वाचला की जीबी1 ते जीबी4 हे मुख्य प्रकार ओळखता येतात. एकाच स्त्रीत दोन प्रकारही सापडतात. जुन्या संसर्गानंतर नव्या प्रकाराची लागण होऊ शकते. कोणता प्रकार गर्भाला अधिक घातक, यावर अभ्यासकांचं एकमत झालेलं नाही.